पुएदो, पण पोदेमोस: स्पॅनिश क्रियापदं मधेच रंग का बदलतात?

स्पॅनिश शिकायला घेतली की कोणीतरी हमखास सांगतं, "अरे सोपी आहे, जसं लिहितात तसंच वाचतात." बऱ्यापैकी खरंय ते. पण मग पोदेर म्हणजे 'शकणं' हे क्रियापद येतं. मी शकतो म्हणजे पुएदो, तू पुएदेस, तो पुएदे, ते पुएदेन, आणि आम्ही? पोदेमोस! तो 'उए' मधेच गायब, जुना 'ओ' परत हजर. याला अनियमित म्हणून तक्ता पाठ करायला लावतात, कोणी तक्त्यात बदलणाऱ्या रूपांभोवती बुटाचा आकारही काढून दाखवतं, तक्ता पाठ होतो आणि बोलायची वेळ आली की दातखीळ बसते.

माझ्या मते तक्ता बाजूला ठेवा आणि जोर कुठे पडतोय ते ऐका. पुएदो म्हणताना जोर 'पुए'वर असतो, पोदेमोसमध्ये 'दे'वर. अशा क्रियापदांत जोर धातूवर आला की 'ओ'चा 'उए' होतो, जोर पुढे सरकला की नाही, बस एवढंच. पटत नसेल तर अर्जेंटिनात बघा. तिथे 'तू'साठी वोस वापरतात आणि जोर शेवटी देऊन पोदेस म्हणतात, म्हणजे अर्थ तोच, काळ तोच, फक्त जोर हलला आणि 'उए' पळाला! आपल्या मराठीत आघाताला फारसं काम नसतं म्हणून आपला कान तिकडे जातच नाही, खरी अडचण ही आहे.

आता हे का होतं, तर लॅटिनमध्ये ह्रस्व ओ आणि दीर्घ ओ असे दोन स्वर होते. पुढे बोलीत ह्रस्व-दीर्घ भेद गेला पण उच्चारातला फरक राहिला: ह्रस्व ओ झाला 'ऑफिस'मधल्या 'ऑ'सारखा उघडा, दीर्घ राहिला बंद 'ओ'. या उघड्या 'ऑ'वर जोर आला की तो लांबायचा आणि लांबता लांबता फुटून 'उओ' झाला, इटालियन तिथेच थांबली (बुओनो), स्पॅनिश पुढे 'उए'वर गेली (बुएनो). जोर नसेल तिथे उघडा-बंद हा फरकच मिटला, साधा 'ओ' उरला. हे फक्त क्रियापदांत नाही हं, बुएनो म्हणजे चांगला पण चांगुलपणा बोंदाद, दार पुएर्ता पण दारवान पोर्तेरो. ह्रस्व 'ए'चंही तसंच, सात सिएते पण सत्तर सेतेंता. (सिएते आणि सप्त जुळतात म्हणून लगेच 'संस्कृत सगळ्या भाषांची आई' असा फॉरवर्ड टाकू नका, लॅटिन आणि संस्कृत बहिणी आहेत, आई त्याआधीची.) म्हणूनच योवेर (पाऊस पडणं) याचं युएवे होतं आणि योरार (रडणं) याचं मात्र सरळ योरो, कारण रडण्यातला ओ लॅटिनमध्ये दीर्घ होता. गोव्यात साडेचारशे वर्षं राज्य केलेली पोर्तुगीज त्याच घराण्यातली, पण तिने 'ऑ' फोडलाच नाही, तिच्याकडे दार अजून पॉर्ताच.

'ईर'ने संपणाऱ्या क्रियापदांत, जसं दोर्मीर (झोपणं), अजून एक भानगड आहे. झोपतो दुएर्मो, आम्ही झोपतो दोर्मीमोस, इथवर ठीक, पण तो झोपला म्हणजे दुर्म्यो. इथे 'ओ'वर जोर नाही तरी 'उ' झाला, कारण पुढच्या अक्षरातला 'य' उच्चारताना जीभ वर उचललेली असते आणि तो आधीच्या स्वरालाही वर खेचतो, ओचा उ, एचा इ.

आपणही कापूस-कापसाचा, देऊळ-देवळात म्हणतोच की. तिथलं कारण वेगळं, पण सामान्यरूपाचा तक्ता पाठ करून कोणी बोलायला शिकलेलं नाही. स्पॅनिश पोरं तर कानाने उचललेला नेहमीचा नियम इतका ताणतात की साबेर (माहीत असणं) याचं 'मला माहितीय'साठी से ऐवजी साबो म्हणतात, घरात मोठं कोणी तसं बोलत नसताना! शिकणाऱ्यानेही नियम असा कानानेच उचलावा, वाक्य मोठ्याने, जोर ठोकून म्हणावं आणि मग पुस्तक मिटून आठवून बघावं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006च्या प्रयोगात उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, आठवड्याने मात्र स्वतःची परीक्षा घेणारे.

आणि हे बदल कधी सरळ होतील का? काही झालेत. येवार (नेणं) हे जुन्या स्पॅनिशमध्ये लेवार होतं, जोर आला की लिएवो, पुढे त्या 'लिए'चा 'ये' झाला आणि सगळीकडे तोच पसरला. पोदेर आणि केरेर (हवं असणं) मात्र दिवसातून इतक्यांदा तोंडात येतात की त्यांना सरळ करायला कोणाला सवडच मिळत नाही.