शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे (क्युबा)

क्युबा बेटावर शेतकऱ्यांनीच एकमेकांना जमीन सुधारायला शिकवायची जी चळवळ आहे तिला स्पॅनिशमधे ‘काम्पेसिनो आ काम्पेसिनो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे. पद्धत मूळची ग्वाटेमालातली, १९७० च्या दशकातली, मग मेक्सिको, निकाराग्वा करत क्युबात आली आणि १९९७ मधे ‘आनाप’ या छोट्या शेतकऱ्यांच्या संघटनेने ती उचलून धरली.

त्याआधी क्युबात जिकडेतिकडे ऊस, साखर सोव्हिएत युनियनला द्यायची आणि तिकडून डिझेल, ट्रॅक्टर, रासायनिक खत घ्यायचं. १९९१ ला सोव्हिएत युनियनच मोडलं, वर अमेरिकेची नाकेबंदी होतीच, मग ट्रॅक्टर जागेवर उभे आणि बैलजोड्या पुन्हा औताला. बेटावर माल बोटीनेच येणार, बोट आली नाही की शेतातलंच खत, शेतातलंच बियाणं वापरावं लागतं. गांडूळखत, पालापाचोळ्याचं आच्छादन, मका आणि शेंगवर्गीय पिकं एकत्र, उतारावर आडवे बांध, हिरवळीच्या खताला कानावालिया (आपल्याकडची अबई, तिच्याच जातकुळीतली), यात आपल्या शेतकऱ्याला नवखं वाटेल असं फार काही नाही.

खरी ताकद शिकवण्याच्या रीतीत आहे. आधी छोट्या तुकड्यावर करून बघायचं, एकदम दहा गोष्टी सुरू करायच्या नाहीत, लवकर फरक दिसेल तेच पहिल्यांदा घ्यायचं. ज्याचं जमलं तो ‘प्रोमोतोर’, त्याच्या शेतावर बाकीचे येतात, माती हातात घेऊन बघतात, प्रश्न विचारतात. साहेबाच्या भाषणापेक्षा शेजाऱ्याच्या बांधावर जे दिसतं त्यावर माणूस लवकर विश्वास ठेवतो, आणि ही चळवळ त्याच भरवशावर वाढली.

मुंग्यांचंच बघा. रताळ्याला भुंगा लागतो, तो आत शिरून कंद पोखरतो. क्युबात केळीच्या खोडाचे तुकडे गोड पाणी लावून मुंग्या असतात तिथे ठेवतात, मुंग्यांनी भरले की उचलून रताळ्याच्या शेतात टाकतात, ऊन तापलं की मुंग्या खोडातून निघून जमिनीत घरं करतात आणि भुंग्याचा फडशा पाडतात. फवारणीचा खर्च वाचतो.

सप्टेंबर २००८ मधे ‘आइक’ चक्रीवादळ आलं. नंतर ओल्गिन आणि लास तुनास भागात पाहणी झाली, तेव्हा एकपीक शेतांचं नुकसान ९० ते १०० टक्के निघालं आणि मिश्र पिकांच्या शेतांचं सुमारे ५० टक्के. उंच झाडं आडवी झाली तरी खालची पिकं बऱ्यापैकी वाचली, वर सावली गेल्यामुळे त्यांना ऊनही जास्त मिळालं. निम्मं जाणं म्हणजे थोडं नाही, पण निम्मं हाताशी असलं की घर चालतं आणि पुढच्या हंगामाचं बियाणं राहतं.

चळवळीत लाखभर कुटुंबं आली, तरी क्युबाचं पोट अजून आयात धान्यावर बरंच अवलंबून आहे, आणि जुन्या उसाच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर ‘माराबू’ या काटेरी झुडपाखाली अडकून पडल्यात, ते मुळासकट काढणं फार कष्टाचं काम आहे.