गेमसोबत आरजीबी सिंक

गेममध्ये जे चाललंय त्यानुसार आरजीबी (रेड-ग्रीन-ब्लू, म्हणजे लाल-हिरवा-निळा मिसळून हवा तो रंग देणारे) लाइट, म्हणजे कीबोर्ड, माऊस, कॅबिनेटचे फॅन, रॅम नि टेबलामागच्या स्ट्रिपचे रंग आपोआप बदलायची सोय. सोलापुरात असेंबल पीसीवाले याला नुसतं 'सिंक' म्हणतात आणि इंद्रधनुष्य फिरवणारा इफेक्टपण त्यातच धरतात. तो सिंक नाही, गड्ड्यावरच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेतल्या) पाळण्याचे लाइट पाळणा थांबला तरी पळत राहतात तसलाच प्रकार आहे, गेमशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

उगम कुठून धरायचा यावर एकमत नाही. एक मत फिलिप्सकडे जातं: २००४ मध्ये त्यांचा अँबिलाइट टीव्ही आला, स्क्रीनच्या कडेचे रंग मागच्या भिंतीवर टाकणारा, मग साधारण २००६-०७ च्या सुमारास एएमबीएक्स नावाचा पीसीसाठीचा सेट, ज्यात लाइटच नाही तर छोटे पंखे आणि मनगटाखाली ठेवायची थरथरणारी पट्टीपण होती. दुसरं मत एलियनवेअर लॅपटॉपच्या एलियनएफएक्स या लाइटिंगच्या सोयीला मान देतं. तिसरं आणि ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसणारं मत २०१४ चं, म्हणजे कॉर्सेअर आणि रेझरचे प्रत्येक बटणाला वेगळा रंग देणारे कीबोर्ड. (त्याच साली निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो, नाकामुरा यांना नोबेल मिळालं, योगायोगच, पण निळा नसता तर आरजीबीतला बी कुठून आणला असता.) आम्हाला वाटतं अँबिलाइटला फार तर पूर्वज म्हणावं कारण तो चित्राची नक्कल करतो, चित्रात काय चाललंय ते त्याला कळत नाही. सुरुवात एएमबीएक्सपासून धरावी, कारण तिथे गेमच लाइटला सांगू शकत होता, आणि २०१४ नंतरचा तो प्रसार.

आजही हे दोनच रस्ते आहेत. स्क्रीन वाचून रंग काढणं कुठल्याही गेमला चालतं पण पावसाळी मॅप असला की सगळी खोली राखाडी. दुसरा रस्ता गेमने स्वतः सांगायचा. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममध्ये यासाठी गेम स्टेट इंटिग्रेशन आहे: सीएफजी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल टाकायची, मग गेम आपल्याच कॉम्प्युटरवरच्या पत्त्यावर एचटीटीपीने (वेबपेज येतं त्याच पद्धतीने) जेसन, म्हणजे साध्या मजकुरात मांडलेली माहिती, पाठवत राहतो, त्यात हेल्थ १०० वरून किती उतरली, गोळ्या किती उरल्या, बॉम्ब लागला का, फ्लॅशने डोळे किती दिपले (० ते २५५) हे सगळं असतं. सॉफ्टवेअर ते वाचून बटणं लाल करतं, फ्लॅश पडला की कीबोर्ड पांढराफट्ट.

पुढे एलईडीपर्यंत काय जातं? स्ट्रिपमधल्या डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या एलईडीला २४ बिट (० किंवा १ अशा खुणा) लागतात, प्रत्येक बिटला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एकाला ३०, आणि शंभरांना ३ मिलिसेकंद, ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेमच १६.७ ची असते म्हणून उशीर जाणवत नाही. पहिला एलईडी आपले २४ बिट ठेवून घेतो, उरलेले पुढच्याला देतो. जॅकार्डच्या पंचकार्डावर भोक आहे-नाही यावरून चादरीचा धागा उचलला जातो, सोलापूरच्या पूर्व भागात मागावर वाढलेल्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटं पुरतात.

विजेचं मात्र सांभाळा. पूर्ण पांढऱ्यावर एक एलईडी ६० मिलिअँपपर्यंत खातो, ६० एलईडीच्या मीटरभर स्ट्रिपला ३.६ अँपिअर. मदरबोर्डवर ३ पिनचा हेडर (स्ट्रिपची वायर जोडायची जागा) ५ व्होल्टचा आणि ४ पिनचा १२ व्होल्टचा असतो. नवी पेठेतून आणलेली आमची पहिली स्ट्रिप आम्हीच १२ वर लावली, कनेक्टर साधा होता, दाबला तर बसला, एकदा भक्क झालं आणि खोलीत जळका वास, चूक आमचीच.

प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं म्हणून ओपनआरजीबी हा ओपन सोर्स पर्याय आला, आणि २०२३ मध्ये विंडोज ११ मध्येच त्यासाठी डायनॅमिक लाइटिंग नावाची सोय. रॅमचे लाइट खोलवरच्या ड्रायव्हरमधून चालतात, त्यामुळे अँटीचीटशी (गेममधली चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरशी) भांडण होतं. २०२० मध्ये व्हॅलोरंट गेमच्या व्हॅनगार्ड या अँटीचीटने असुरक्षित ड्रायव्हर ब्लॉक केले तेव्हा हार्डवेअर कंट्रोल करणारी काही सॉफ्टवेअर बंद पडली.

सोलापूरपुरतं सांगायचं तर विजापूर रोडच्या एका गेमिंग कॅफेत एकाच पीसीवर हे नीट चालू होतं. पोरं त्याच्यासाठी नंबर लावायची, आणि पैजेची मॅच असली की पहिलं काम लाइट बंद, 'बटणं बघू का गेम बघू बे' म्हणत.