जागतिक बालआरोग्य प्रशिक्षण

बालरोगशास्त्राचे निवासी डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी यांना, जगातले बहुसंख्य बालमृत्यू ज्या परिस्थितीत होतात तिथे काम करता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण. त्याची रचना मुख्यतः अमेरिका व कॅनडातील विद्यापीठ-रुग्णालयांत झाली. तयारीचे वर्ग, सिम्युलेशनवरचा (खोटा प्रसंग उभा करून केलेला) सराव आणि आफ्रिका, आशिया किंवा लॅटिन अमेरिकेतील एखाद्या रुग्णालयात काही आठवड्यांची नेमणूक असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये पाच वर्षांखालील सुमारे ४९ लाख मुले दगावली. त्यांपैकी २३ लाख जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच गेली. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः श्वास कोंडणे, न्यूमोनिया, अतिसार, मलेरिया ही कारणे नेहमीचीच, आणि त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी कुपोषण. सधन शहरातल्या निवासी डॉक्टरला तीन वर्षांत कुपोषणाने सुजलेले मूल एकदा तरी पाहायला मिळेलच, असे नाही.

अभ्यासाचा पाया जागतिक आरोग्य संघटनेच्या साहित्यावर उभा आहे. संघटना व युनिसेफ यांनी १९९०च्या दशकात आखलेल्या बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनात एक्स-रे किंवा रक्ततपासणीची वाट न पाहता लक्षणांवरून निर्णय घेतात. खोकणाऱ्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाखाली ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर श्वास जलद समजायचा. मूल दूध पीत नाही, सारे उलटून टाकते, झटके येतात किंवा ग्लानीत आहे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. नवजातासाठी अमेरिकन बालरोग अकादमीने २०१० मध्ये इतर संस्थांसह ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा कार्यक्रम आणला. बाळ आपणहून श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटाच्या आत त्याला पिशवी-मास्कने श्वास द्यायचा, हे त्याचे सार. हे तंत्र बाहुलीवर हात बसेपर्यंत घोटून घेतात.

तंत्र शिकणे त्या मानाने सोपे. आपल्या रुग्णालयात पक्की झालेली सवय आवरणे खरे अवघड. पूर्व आफ्रिकेतील ‘फीस्ट’ चाचणी याचे सर्वात बोलके उदाहरण आहे. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलाला शिरेतून भराभर सलाइन द्यावे, हा अतिदक्षता विभागातला रुळलेला नियम. केनिया, टांझानिया व युगांडातील ३,१४१ मुलांवर तो पडताळला गेला आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार भराभर द्रव दिलेल्यांपैकी साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुले ४८ तासांत दगावली. ज्यांना असे द्रव दिले नाही त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होते. यांतल्या बऱ्याच मुलांना मलेरिया व तीव्र रक्तक्षय होता, आणि त्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर नव्हते. ‘आमच्याकडे असेच करतात’ हे वाक्य परक्या वॉर्डात किती महाग पडू शकते, हे सांगायला दुसरा दाखला शोधावा लागत नाही. तीव्र कुपोषित मुलाचेही तसेच: आधी रक्तातली साखर व शरीराची ऊब सांभाळायची, पातळ आहार थोडाथोडा वाढवायचा, आणि लोह सुरुवातीला मुळीच द्यायचे नाही.

म्हणूनच प्रस्थानापूर्वीच्या तयारीला महत्त्व आले. अमेरिकेत तयार झालेल्या ‘शुगर’ या सिम्युलेशन अभ्यासक्रमात ऑक्सिजन, औषध किंवा उपकरण हाताशी नसताना काय करायचे, याबरोबरच वाचू शकले असते असे मूल डोळ्यांदेखत गेल्यावर स्वतःला कसे सावरायचे, याचाही सराव असतो.

यजमानाच्या बाजूने मात्र हिशेब पुष्कळदा तोट्याचा असतो. चार आठवड्यांच्या पाहुण्याला भाषा येत नाही, तिथल्या ज्येष्ठाचा वेळ त्याला शिकवण्यात जातो, आणि वॉर्डातल्या मुलांची फोटोसह कहाणी परदेशात सांगितली जाते. विद्यार्थ्याने स्वदेशात ज्या कृतीची परवानगी नाही ती परक्या देशात करून पाहणे, हा तर सरळ गैरप्रकार. २०१० मध्ये ‘वेट’ या कार्यगटाने नीतिविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. यजमान संस्थेवर पडणारा खर्च व भार मोजावा आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असावी, असा त्यांचा आग्रह आहे. केनियातील एल्डोरेट येथील मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ यांची १९८९च्या सुमारास सुरू झालेली भागीदारी या दृष्टीने टिकाऊ ठरली. इंडियानाचे डॉक्टर तिथे दीर्घकाळ मुक्काम करतात, आणि केनियातले विद्यार्थीही इंडियानाला जातात.

महाराष्ट्राचा संबंध दाता म्हणूनही आहे. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात परदेशी विद्यार्थी शिकायला येतात, आणि तिथे शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्यसेविकाही असतात. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजातसेवा पोचवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात तिथला नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि ही पद्धत पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवली गेली. भारतातील पदव्युत्तर निवासी डॉक्टरांना आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करणे बंधनकारक आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या निवासी डॉक्टरला कमी साधनांतले बालआरोग्य शिकायला विमानात बसावे लागत नाही.