राजकारणावरची खरी माहिती नेटवर शोधायची कशी?

युक्रेनच्या बाबतीत भारताने रशियाला साथ दिली असं एकजण म्हणतो, दुसरा म्हणतो छे, भारताने तर निषेध केला, मग दोघंही आपापल्या बातमीची लिंक टाकतात आणि रात्री बारापर्यंत वाद चालतो. खरं तर हा वाद पाच मिनिटांत संपतो, कारण कुठल्या देशाने काय मत दिलं याची नोंद सगळ्यांसाठी खुली आहे.

2 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाविरुद्ध ठराव आला, 141 देश बाजूने, 5 विरोधात, 35 तटस्थ, आणि भारत त्या 35 मधला. हे युएन डिजिटल लायब्ररीच्या साइटवर आहे, पैसे नाहीत, लॉगिन नाही, व्होटिंग डेटामध्ये जाऊन ठराव शोधायचा की एकेका देशाच्या नावापुढे त्याचं मत दिसतं. बेरीज करून बघा, 181 च होतात आणि सदस्य देश आहेत 193, म्हणजे 12 देशांनी मतच दिलं नाही. मत न देणं आणि तटस्थ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बातम्यांमध्ये हा फरक बऱ्याचदा हरवतो. भारत तटस्थ का राहिला याचं स्पष्टीकरण आपल्या प्रतिनिधीने तिथेच दिलं होतं, ते न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्थायी मिशनच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयाच्या साइटवर वाचायला मिळतं. आणि ज्याला 1946 पासूनचा भारताचा सगळा कल बघायचाय त्याच्यासाठी आमसभेतल्या मतदानाचा तयार डेटासेट हार्वर्ड डेटाव्हर्स या संशोधनाचा डेटा ठेवणाऱ्या साइटवर फुकट आहे.

एमए करणाऱ्या, यूपीएससी-एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरांना ही सवय लागायलाच हवी असं मला मनापासून वाटतं, बातमी ज्या कागदाच्या जोरावर लिहिलीय तो कागद स्वतः उघडून बघायचा.

आता प्रत्येक विषयाला असा सरळ कागद नसतो. बहुतेक वेळा आपण कुठल्यातरी थिंक टँकच्या, म्हणजे धोरणांवर अभ्यास करून रिपोर्ट काढणाऱ्या संस्थेच्या साइटवर जाऊन पडतो, लोगो भारी, रिपोर्ट पीडीएफमध्ये, तळटीपा भरपूर, मग विश्वास ठेवायचा की नाही? यावर स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक छान प्रयोग केलाय. इतिहासाचे 10 अभ्यासक, 10 फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी अशा 45 जणांना वेगवेगळ्या साइट दाखवून कुठली भरवशाची ते ठरवायला सांगितलं. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या, नावं जवळपास सारखी, पण एक 1930 पासूनची मोठी संघटना आणि दुसरी 2002 मध्ये वेगळा झालेला छोटा गट. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारसुद्धा साइट वरपासून खालपर्यंत वाचत बसले, डिझाइन बघितलं, पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी आहे का ते बघितलं आणि फसले. फॅक्ट-चेकरांनी काय केलं तर ती साइट जवळपास वाचलीच नाही, लगेच नवीन टॅब उघडले आणि या संघटनेबद्दल दुसरे लोक काय म्हणतात, पैसा कुठून येतो ते शोधलं. त्यांचं उत्तर लवकर आलं आणि बरोबर आलं. साइट स्वतःबद्दल जे सांगते त्यावरून तिची पारख होत नाही, बाहेर पडून चौकशी करावी लागते.

आंतरराष्ट्रीय राजकारणात तर हे फारच गरजेचं आहे कारण इथे अख्ख्या संस्थाच खोट्या उभ्या केल्या जातात. ब्रसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅब या खोट्या प्रचाराचा माग काढणाऱ्या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये असं एक जाळं उघड केलं, 750 हून जास्त बनावट मीडिया साइट, बंद पडलेल्या एनजीओंची नावं पुन्हा वापरात आणलेली, आणि लुई सोन नावाचे आंतरराष्ट्रीय कायद्याचे मोठे प्राध्यापक जे 2006 मध्ये वारले त्यांना 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेच्या बैठकीला हजर दाखवलेलं. त्या रिपोर्टप्रमाणे हे जाळं भारताची बाजू मांडत होतं आणि पाकिस्तानला बदनाम करत होतं. म्हणून सांगतो, आपल्याला आवडणारी गोष्ट समोर आली की दुसरा टॅब आधी उघडा.

बरं, संस्था खरी आहे, नावाजलेली आहे, तरी एक प्रश्न राहतोच की त्यांनी मोजलं काय? स्टॉकहोमची सिप्री ही शांतता आणि शस्त्रास्त्रांवर संशोधन करणारी संस्था 1966 पासूनची आहे आणि कुठल्या देशाने किती शस्त्रं घेतली याचे तिचे आकडे सगळे पेपर छापतात. पण ते आकडे पैशाचे नसतात! शस्त्राची लष्करी ताकद मोजण्यासाठी सिप्रीने स्वतःचं एकक केलंय, त्यात फुकट मिळालेलं विमान आणि विकत घेतलेलं तेच विमान दोन्ही सारखंच मोजलं जातं. त्या आकड्यापुढे डॉलर लावला की सगळं गणित चुकतं. लष्करी खर्चाचं वेगळं टेबल आहे, ते डॉलरमध्ये असतं, पण भारताच्या खर्चात ते बीएसएफ, सीआरपीएफसारखी दलंही धरतात, त्यामुळे आपल्या संरक्षण बजेटशी तो आकडा जुळणार नाही.

युद्धांचंही तेच. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा डेटाबेस सशस्त्र संघर्ष कशाला म्हणतो तर वर्षात लढाईत किमान 25 माणसं मेली तर, आणि युद्ध म्हणायला 1000. म्हणजे 24 मेली त्या वर्षी तो संघर्ष त्या यादीत नाही, याचा अर्थ तिथे शांतता होती असा होत नाही. लोकशाहीच्या रँकिंगवरून आपल्याकडे केवढी भांडणं होतात, 2021 मध्ये स्वीडनच्या व्ही-डेम या संस्थेने भारताला निवडणुकीपुरती लोकशाही असलेली एकाधिकारशाही म्हटलं, अमेरिकेच्या फ्रीडम हाउस या संस्थेने अंशतः स्वतंत्र म्हटलं, इकॉनॉमिस्ट गटाच्या इंटेलिजन्स युनिटने सदोष लोकशाही म्हटलं. तिघांच्या व्याख्या वेगळ्या, प्रश्न वेगळे, आणि तिन्हीकडे तज्ज्ञांच्या मताला मोठी जागा आहे. पटो न पटो, आधी त्यांचं कोडबुक, म्हणजे काय विचारलं आणि कसं मोजलं याची पुस्तिका, उघडावं, फुकट असतं, आणि नेमका कुठल्या बाबतीत भारताचा स्कोअर घसरला ते बघावं, मग काय भांडायचं ते भांडावं.

आपल्याकडचा साठाही कमी नाही. संसदेच्या साइटवर खासदारांच्या तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराच्या) आणि अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांना सरकारने दिलेली उत्तरं आहेत, आणि कुठल्याही योजनेवर लिहिताना मी तिथूनच सुरुवात करतो. परराष्ट्र मंत्रालयाकडे करारांचा डेटाबेस आहे, अशोका विद्यापीठाच्या लोकढाबावर 1962 पासूनचे निवडणूक निकाल मतदारसंघानुसार मिळतात, पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर, जुने सरकारी कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या साइटवर. 1971 च्या युद्धावर काम करायचं तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने छापलेली त्यांची स्वतःची कागदपत्रं बघा, निक्सन-किसिंजरची बोलणी त्यात आहेत, फक्त ती अमेरिकेच्या टेबलावरून दिसलेली बाजू आहे हे धरून वाचावं लागतं.

चॅटबॉटला विचारून संदर्भ घेत असाल तर एक करा, त्याने दिलेला प्रत्येक शोधनिबंध क्रॉसरेफ या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर नावाने शोधा, कारण नसलेले शोधनिबंध नसलेल्या लेखकांसकट देण्याची त्याला खोड आहे. आणि सरकारी पान सापडलं की ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेब पानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर, तिथल्या तिथे सेव्ह करून ठेवा, खात्याची साइट नवीन झाली की जुन्या लिंक मरतात आणि गाइडने मागितल्यावर दाखवायला काही उरत नाही.