अत्याचारग्रस्त मुलांवरील उपचार आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे घर

अत्याचार झालेल्या मुलावर आज आघातकेंद्री, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यावर रोख ठेवणारे, उपचार केले जातात, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारी आई, वडील, आजी किंवा जे कोणी त्याला सांभाळत असेल, त्यांनाही उपचारात सामील करून घेतले जाते. ही रीत आता स्वाभाविक वाटते. परंतु ती रुळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली आणि त्यांतली कितीतरी वर्षे मुलाचे म्हणणे खरे मानायचे की नाही, याच वादात गेली.

पॅरिसमधील न्यायवैद्यकतज्ज्ञ आंब्रवाझ तार्द्यू यांनी १८६० मध्ये छळ झालेल्या ३२ मुलांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांपैकी १८ मुले दगावली होती. वैद्यकविश्वाने या नोंदीकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १८९६ मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी प्रौढपणीच्या उन्मादविकारामागे (हिस्टेरियामागे) बालपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो, असे मांडले. मात्र पुढच्याच वर्षी त्यांचा या मतावरचा विश्वास उडाला आणि मनोविश्लेषणाचा भर प्रत्यक्ष घटनेवरून मुलाच्या कल्पनाविश्वाकडे वळला. त्यांचे सहकारी शांडोर फेरेन्त्सी यांनी १९३२ मध्ये हा विषय पुन्हा उघडला. अत्याचार करणाऱ्याच्या मनातली अपराधभावना मूल स्वतःवर ओढून घेते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. शिवाय मूल चाचरत आईकडे काही सांगू पाहते, तेव्हा ते बहुधा खुळचटपणा म्हणून उडवून लावले जाते, हेही त्यांनी नोंदवले होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे, आणि नेमके तेच दीर्घकाळ बाजूला पडले.

शारीरिक माराला अखेर क्ष-किरणांनी वाचा फोडली. बालकांच्या हाडांतील न उलगडणारे अस्थिभंग अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर १९६२ मध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणसमूहाला नाव दिले. पाच वर्षांच्या आत अमेरिकेतील सर्व राज्यांत अशा प्रकरणांची खबर देण्याविषयी कायदे झाले. पण या कायद्यांचा रोख खबर, तपास आणि मुलाला सुरक्षित ठिकाणी हलवणे यांवर होता. मुलाच्या मनाचे पुढे काय होते, हा प्रश्न मागेच राहिला.

१९७० च्या दशकात स्त्रीचळवळीमुळे घरातील लैंगिक अत्याचारांविषयी उघडपणे बोलले जाऊ लागले. तोवर व्यावसायिक लेखनात आईचे चित्र अनेकदा मूक साथीदार असे रंगवले जात असे, आणि ज्या आईला काहीच ठाऊक नव्हते तिच्यावरही हा ठपका बसत असे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे हेन्री जिआरेट्टो यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात आई आणि मुलगी यांच्यातील नाते सावरण्यास जागा मिळाली आणि त्याच प्रसंगातून गेलेल्या पालकांचे गट उभे राहिले. या पद्धतीत अत्याचार करणाऱ्या वडिलांवरही उपचार होत आणि कुटुंब पुन्हा एकत्र आणण्याकडे कल असे. त्यामुळे दोष सगळ्या घरावर वाटला जातो, अशी टीका झाली, आणि ती रास्त होती. गुन्हा न केलेला पालक हा स्वतंत्रपणे आधारास पात्र आहे, ही जाणीव नंतर ठळक झाली.

दरम्यान मुलाला तीच हकिगत पोलीस, डॉक्टर आणि वकील यांच्यापुढे पुनःपुन्हा सांगावी लागत होती. ती फरफट थांबवण्यासाठी १९८५ मध्ये अलाबामातील हंट्सव्हिल येथे आणि १९९८ मध्ये आइसलँडमधील रेक्याव्हिक येथे घरासारखी केंद्रे निघाली, जिथे या यंत्रणा मुलाकडे येऊ लागल्या.

पालकांच्या सहभागाला पुरावा मिळाला तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस्थर डेब्लिंजर आणि सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अभ्यासातून. काही कुटुंबांत केवळ मुलाबरोबर, काहींत केवळ आईबरोबर, तर काहींत दोघांबरोबर काम केले गेले. आघाताची लक्षणे मुलावर थेट उपचार केल्याने उतरली. वर्तनाच्या तक्रारी आणि मुलाने सांगितलेली उदासी मात्र आई सहभागी असताना अधिक कमी झाली. डेब्लिंजर, ज्युडिथ कोहेन आणि अँथनी मॅनारिनो यांनी यातून आकाराला आणलेल्या आघातकेंद्री उपचारपद्धतीत पालकांसाठीही जवळजवळ मुलाइतकाच वेळ राखलेला असतो.

मूल आपली हकिगत कित्येक भेटींत थोडी थोडी लिहिते किंवा चितारते. उपचारक ती पालकांना आधी वेगळी ऐकवतो, कारण तो मजकूर पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना रडू आवरत नाही, आणि रडण्याची मोकळीक त्यांना तिथे मिळते. त्यानंतरच संयुक्त भेट ठरते. मूल कागद हातात धरून वाचते, मध्येच थांबून आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि विचारते, ‘‘तू माझ्यावर रागावली आहेस का?’’ या प्रश्नाची तयारी आईने आधीच केलेली असते.