म्हातारं मांजर रात्री ओरडतं तेव्हा

बारा-तेरा वर्षांचं शहाणं मांजर एके रात्री अडीच वाजता पॅसेजमध्ये उभं राहून गळा काढतं आणि मग तो रोजचाच कार्यक्रम होतो. घरच्यांची झोपमोड, वर खालच्या मजल्यावरून तक्रार. मग लोक दुकानात येऊन विचारतात, "शांत करायचं काही आहे का?" स्प्रे आणि डिफ्यूझर (सॉकेटला लावून शांत करणारं द्रव्य हवेत सोडणारं उपकरण) आम्ही ठेवतो, पण पहिल्याच फेरीत ते घेऊ नका, असंच सांगतो.

आधी डॉक्टर

या वयात सुरू झालेल्या ओरडण्यामागे बहुधा काहीतरी दुखणं असतं. थायरॉइड वाढलं की मांजर ताटली चाटूनपुसून खातं आणि तरी वाळत जातं. ते टी-फोर या रक्ततपासणीत कळतं. मूत्रपिंड थकलं की पाणी जास्त पितं. हे घरी ओळखायची सोपी जागा म्हणजे लिटर ट्रे: लघवीने वाळूचे होणारे गोळे नेहमीपेक्षा मोठे किंवा जास्त निघायला लागले, तर लघवी वाढली आहे. मधुमेहातही असंच होतं. या दोन्ही दुखण्यांबरोबर, म्हणजे थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या, रक्तदाब वाढलेला सापडतो. तो मोजायला पंजाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधतात. दुर्लक्ष झालं तर डोळ्यांचा पडदा सुटून मांजर एकाएकी आंधळं होऊ शकतं, म्हणून दहाच्या पुढे वर्षातून दोनदा तपासणी करून घ्यावी.

सांधेदुखी तर बहुतेक म्हाताऱ्या मांजरांना असतेच. लंगडताना दिसत नाही. पलंगावर उडी मारण्याआधी दोनदा अंदाज घेतं, पाठीमागचे केस चाटायचं सोडून देतं आणि तिथे गुंता होतो, एवढंच दिसतं. घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतते.

भाटीची नसबंदी झालेली नसेल तर ती माजावर आल्यामुळे ओरडत असण्याचीही शक्यता असते. वय झालं म्हणून तिचं माजावर येणं थांबत नाही.

डॉक्टरांकडे जाताना रात्रीच्या ओरडण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. दवाखान्याच्या टेबलावर मांजर चकार शब्द काढत नाही.

मग रात्रीची घडी

मांजराचा स्वभाव असा की शिकार, जेवण, अंग चाटणं आणि मग झोप. म्हणून झोपण्याआधी दहा मिनिटं खेळवा. म्हातारं मांजर उड्या मारणार नाही. दोरी जमिनीवरून हळू सरपटत न्या, पडल्या पडल्या पंजा मारलान तरी पुरे. त्यानंतर दिवसाच्या खाण्यातलाच शेवटचा भाग द्या. ओलं खाणं असेल तर वाटी कोमट पाण्यात ठेवून वास सुटू द्या, कारण वयाबरोबर नाकही मंदावतं. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि रात्री ट्रेच्या फेऱ्या वाढतात.

अंथरूण जमिनीलगत, वाऱ्याच्या झोतापासून दूर आणि शक्यतो तुमच्या खोलीत असावं. जुनी गोधडी आमच्याकडच्या महागड्या बेडइतकीच चालते (हे आमच्या विक्रीच्या मुळावर येणारं वाक्य आहे, पण खरं आहे). पलंगावर चढायची सवय असेल तर बाजूला पाट किंवा घट्ट उशी ठेवा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तेव्हा ट्रेपर्यंतच्या वाटेवर पायपुसणी अंथरा. ट्रेची एक बाजू कमी उंचीची हवी, आणि झोपायच्या जागेपासून तो लांब नको. पॅसेजमध्ये झीरोचा दिवा चालू ठेवा. नजर कमी झालेलं मांजर अंधारात वाट चुकतं, म्हणून सामानही सारखं हलवू नका.

ओरडलं की उठायचं का?

"अजिबात लक्ष देऊ नका" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो पहाटे पाचला खाण्यासाठी उठवणाऱ्या धडधाकट मांजराला लागू आहे. त्याला ओरडण्यावर खाणं दिलंत की सवय पक्की झाली समजा. त्यापेक्षा वेळेवर उघडणारा फीडर लावा किंवा तुम्ही उठल्यावर अर्ध्या तासाने वाटी भरा.

पण काही मांजरांचा म्हातारपणी मेंदूही थकतो. ती कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात, ओळखीच्या घरात हरवतात, दिवस-रात्र उलटी होते. अशा मांजराला हट्टी समजून गप्प बसू नका. एकदा हळू आवाजात नाव घ्या, तुम्ही कुठे आहात ते कळलं की पुष्कळदा ते अंथरुणाकडे वळतं. ऐकू येत नसेल तर स्वतःचाच आवाज कळत नसल्याने ते मोठ्याने ओरडतं. त्याला मागून उचलू नका, पाय जरा जोरात टाकत समोरून जा. रागावणं, पाणी उडवणं, बाल्कनीत कोंडणं यातलं काहीही करू नका. घाबरलं की आवाज वाढतोच.

झोपेची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तरच. डिफ्यूझरचा विचार हे सगळं महिनाभर करून पाहिल्यावर करा.

थांबू नका

बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, मागचे पाय एकाएकी लुळे पडलेत किंवा ते अचानक भिंतीवर आपटायला लागलंय, तर सकाळची वाट पाहू नका. चोवीस तास उघड्या असणाऱ्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आजच शोधून फ्रीजवर लावून ठेवा.