एक कोड, अनेक भाषा: पार्श्वभूमी

द्राक्ष बागायतदारांसाठी किंवा पतसंस्थांसाठी अ‍ॅप करणाऱ्या नाशिकमधल्या छोट्या टीमपुढे आज पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर या तिन्हींसाठी तोच हिशेब तीनदा का लिहायचा? एकाच भाषेत लिहून बाकीचा कोड यंत्राकडून काढून घेण्याची वाट जुनी आहे. ८०८० चिपची असेंब्ली, म्हणजे त्या चिपच्या थेट आज्ञांची भाषा, नंतरच्या ८०८६ चिपसाठी बदलून देणारी साधने ८०८६ च्या सुरुवातीच्या वर्षांतच आली. सी++ या भाषेचा पहिला कंपायलर, म्हणजे कोडचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम, सी भाषेतला कोड बाहेर काढत असे, कारण सी कंपायलर बहुतेक यंत्रांवर मिळायचा.

आपल्याकडे ही गरज भासली ती डॉस या जुन्या संगणक प्रणालीमुळे. आडत दुकानांचे आणि पतसंस्थांचे हिशेब क्लिपर, फॉक्सप्रो या डॉसवरच्या भाषांत लिहिलेले होते. ६४ बिट विंडोजवर १६ बिट डॉस प्रोग्रॅम थेट चालेनात. हार्बर हा मुक्त कंपायलर क्लिपरच्या पीआरजी फाइलमधून, म्हणजे मूळ कोडच्या फाइलमधून, सी फाइल काढतो आणि तोच प्रोग्रॅम विंडोज, लिनक्सवर बांधून देतो. ती सी फाइल उघडली तर बहुतांश आकड्यांची रांगच दिसते. हा बाइटकोड, म्हणजे आकड्यांत मांडलेल्या आज्ञा. त्या सोबतचे आभासी यंत्र, म्हणजे यंत्रासारखे वागणारा प्रोग्रॅम, चालवते. खराखुरा सी कोड हवा असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. माणसाने वाचण्यासाठी ती फाइल नसतेच.

खरा वाद इथेच आहे. यंत्राने काढलेल्या कोडला हात लावायचा की नाही? एकदा त्यात हाताने दुरुस्ती केली की पुन्हा रूपांतर करता येत नाही, केले तर दुरुस्ती पुसली जाते. मूळ कोड कपाटात पडतो आणि पोर्टेबिलिटी, म्हणजे तोच कोड दुसरीकडे नेण्याची सोय, तिथेच संपते.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या बाबतीत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पुढे आला. २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा अधिकृत सल्ला असा होता: दुसऱ्या आवृत्तीतला कोडच सांभाळा, टूटूथ्री या साधनाने तिसरीचा काढा, निघालेल्याला हात लावू नका. तत्त्व योग्य होते, पण साधन अपुरे होते. पूर्णांक असतील तर जुन्या आवृत्तीत ७ भागिले २ म्हणजे ३, नव्या आवृत्तीत ३.५. सात क्रेट द्राक्षे दोन गाड्यांत वाटणारा प्रोग्रॅम एका आवृत्तीत पूर्ण क्रेट सांगेल, दुसरीत अर्धा. भागल्या जाणाऱ्या संख्या पूर्णांक आहेत की नाहीत हे साधनाला कळत नाही, म्हणून ते भागाकार तसाच सोडते. लोक कंटाळले आणि दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा एकच कोड हाताने लिहू लागले. त्यांच्या सोयीसाठी नव्या आवृत्तीतून काढून टाकलेले यू-अक्षराचे स्ट्रिंगचिन्ह (मजकुराआधी लावायचे यू हे अक्षर) २०१२ मध्ये परत आणावे लागले. माझ्या मते हा निर्णय उशिरा झाला. तोपर्यंत दोन आवृत्त्यांचा भार प्रत्येक लायब्ररीने, म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या संचाने, वाहिला होता.

ब्राउझरमध्ये मात्र पर्यायच नव्हता, तिथे चालणारी जावास्क्रिप्टच काढणे भाग होते. २००६ मध्ये जावातून जावास्क्रिप्ट काढणारे साधन आले. त्याच सुमारास हॅक्स ही भाषा आली. तिच्यातून पुढे जावास्क्रिप्ट, पीएचपी, सी++, जावा, पायथन अशा भाषांतला कोड निघू लागला. पण पूर्णांकाची मर्यादा ओलांडल्यावर काय होते, हे हॅक्समध्येही लक्ष्य भाषेवर, म्हणजे ज्या भाषेत कोड काढायचा तिच्यावर, अवलंबून असते. पैशांचा हिशेब असेल तर प्रत्येक लक्ष्यावर तीच चाचणी चालवणे अनिवार्य आहे.

२०१२ ची टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होणारी भाषा यातून शहाणी निघाली. टाइप, म्हणजे कुठे संख्या आणि कुठे मजकूर येणार याच्या खुणा, तपासायचे आणि काढून टाकायचे, भागाकाराला हात लावायचा नाही. सोबत सोर्स मॅप, म्हणजे निघालेल्या ओळी मूळ ओळींशी जोडणारा नकाशा, मिळतो, त्यामुळे चूक मूळ फाइलच्या ओळीवर दिसते आणि निघालेली फाइल उघडण्याची वेळ क्वचितच येते. सी कोड काढणाऱ्या जुन्या कंपायलरांनी हेच काम लाइन या निर्देशाने केले होते.